पत्रावस्तीचा निळा रंग

नकाशावर पत्रावस्ती निळी होती. निळी म्हणजे थंड.

पंकजानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निळीच. सभागृहातल्या पडद्यावर अख्खं नगर शहर पसरलं होतं आणि पुण्याहून आलेला ओंकार एकेक भाग दाखवत होता. कुठे किती तापतं हे सांगणारं मॉडेल त्याच्या गटानं दोन वर्षं खपून बनवलं होतं. ते पक्कं करण्याआधी गल्लोगल्ली हिंडणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं म्हणून नर्सबाया, मुकादम, पाणी सोडणारे असे वीसेकजण बोलावले होते. सकाळपासून सांगणं मात्र एकट्या ओंकारचंच चाललं होतं.

सर्वांत लाल अशा सात जागांना यंदाच्या उन्हाळ्यात मांडव, कूलरची खोली आणि छपरांना पांढरा रंग मिळणार होता. यादीवर पाच वाजता सह्या. चौदा वर्षं पत्रावस्तीत लसी टोचणाऱ्या पंकजाला कडूबाई आठवली. गेल्या वैशाखात म्हातारी घरातच उन्हाच्या झटक्यानं कोसळली, ती केवळ देवाच्या कृपेनं उठली. आता त्याच घरात महिन्याभराचं पणतवंड होतं.

“आवो, बोला की ताई,” वस्तीतली आशा सेविका छबूबाई कोपरानं ढोसत म्हणाली. “माझ्यापुढं लई तोंड चालतं तुमचं.”

“एवढ्या मशीनपुढे मी काय बोलू?”

“मंग बसू गोधडी पांघरून. थंडी पडलीया वस्तीत.”

पंकजानं मनातल्या मनात नाम घेतलं आणि ती उभी राहिली. “दादा, आमची पत्रावस्ती थंड नाही हो.”

“उपग्रहानं मोजलंय, ताई,” ओंकार हसून म्हणाला. “आमच्या मनाचं काही नाही त्यात.”

“असेल. पण मी लशीचा डबा नेते ना, त्यात सकाळी नऊला बर्फ भरते. लिंबाच्या गल्लीत तो तीनपर्यंत टिकतो. पत्रावस्तीत तोच डबा, तेवढाच बर्फ, अन् साडेअकराला पाणी. तिथे जायचं तर मी दोन डबे नेते. सगळी घरं पत्र्याची, त्यात पत्रे नवे, चकचकीत...”

ओंकारचं हसू मावळलं. “चकचकीत?”

“त्यात बघून भांग पाडावा आसं,” छबूबाई म्हणाली. सगळे हसले. ओंकार नाही हसला.

तो खुर्चीत बसला. “चूक आमची आहे,” तो हळूच म्हणाला. “उपग्रह छपरातून बाहेर पडणारी उष्णता मोजतो. चकचकीत पत्रा ती फार कमी सोडतो, म्हणून वरून गार दिसतो. आम्ही सगळी छपरं सारखीच धरली.”

यादीवर सही करणाऱ्या महापालिकेच्या रविराज साहेबांनी घड्याळ पाहिलं. “सह्या पाचलाच होतील.”

“तोवर तिथे मोजून येतो, सर,” ओंकार उठला.

भर दुपारी ओंकार, पंकजा आणि छबूबाई कडूबाईच्या घरात शिरले. ओंकारनं तापमापक खुंटीला टांगलं. बाहेर लिंबाखाली एकोणचाळीस होतं, इथे चव्वेचाळीस. आकडा लिहिताना त्याची पेन्सिल घामानं निसटली आणि तो भिंत धरून मटकन खाली बसला.

“आगं, पानी द्या ल्योकाला,” कडूबाई पदरानं वारा घालत म्हणाली. “शेरातला दिसतोय.”

परत आल्यावर ओंकारनं छपरांचे प्रकार वेगळे केले. पंकजा आणि छबूबाई त्याच्या दोन्ही बाजूंना बसून घर न् घर सांगत होत्या. तापलेल्या सातांतली एक जागा निव्वळ उघडा माळ निघाली.

“तिथं कूलर कुनाला, सरड्याला?” छबूबाई म्हणाली.

पावणेपाचला नकाशा पुन्हा उमटला. पंकजानं डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा पत्रावस्ती लालभडक झाली होती आणि माळाच्या जागी यादीत तिचं नाव चढलं होतं. रविराज साहेबांनी सही केली.

पंकजाच्या डोक्यावरून कुणीतरी पाण्यानं भरलेली घागर उतरवून घ्यावी तसं झालं. तिला रडू येईल असं वाटलं, पण हसूच आलं.

छबूबाईनं तोवर फोन लावलाही होता. “कडूबाई, उद्या मानसं येनारेत छपरं बघायला. व्हय, तुमचं बी हाय त्यात. आँ? काय म्हनता?”

तिनं फोन बाजूला धरून ओंकारकडे पाहिलं.

“म्हातारी इचारतीय, त्यो भवळ आलेला पोरगा जेवला का न्हाई म्हनून.”