मनुकांच्या गावचा शंख

मित्रांनो, जन्मानं मी समुद्राचा, पण माझं सगळं आयुष्य गेलं डोंगरात. मी एक जुना शंख आहे. देनियाच्या बंदरात एका कोळ्यानं टोपलीभर मनुकांच्या बदल्यात मला माझ्या आताच्या मालकिणीच्या, रोजेलियाच्या आजोबांना देऊन टाकलं. आजोबांनी करवतीनं माझं टोक कापलं, तिथं तोंड लावून फुंकलं आणि मला दाराजवळच्या खुंटीवर टांगलं. टोक कापल्याचा मला फार राग आला होता. पुढे कळलं, त्याशिवाय मला आवाजच नव्हता.

आमच्या खोऱ्यातून समुद्र दिसतो, पण बोटभर निळ्या रेघेएवढाच. सुरुवातीला मला इथं करमत नसे. मग बकऱ्यांच्या घंटांची, बदाम झोडपणाऱ्या काठ्यांच्या आवाजाची सवय झाली आणि लाटांची आठवण हळूहळू मागे पडली.

उन्हाळा सरता सरता गावात द्राक्षं काढत, राखेच्या उकळत्या पाण्यातून बुडवून काढत आणि बोरूच्या तट्ट्यांवर उन्हात पसरत. त्यांच्यावर पाऊस पडला, की वर्षाची मेहनत मातीत. म्हणून समुद्राकडून ढग येताना दिसले, की मला वाजवत. मग हातातलं काम टाकून सगळं गाव धावे आणि तट्टे उचलून कमानींच्या पडवीत नेई. बातिस्त आणि त्याचा मेव्हणा यांच्यात बांधावरून बोलणं बंद होतं, पण तट्ट्याचं एक टोक हा धरी, दुसरं तो. पाऊस थांबला, की दोघं पुन्हा अबोला धरायला मोकळे. नियम एकच होता. शंख खोटा वाजवला, तर वाजवणाऱ्यानं गावाला जेवू घालायचं.

पुढे मनुकांना भाव उरला नाही. तरणी माणसं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला गेली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी ठेवलं. येणारे-जाणारे मला पायानं सरकवत. वाईट वाटे, खोटं कशाला बोलू?

गेल्या सप्टेंबरात रोजेलियाची मुलगी नूरिया किनाऱ्यावरून आली. तिनं घराला गिऱ्हाईक पाहिलं होतं.

"आई, तिकडे लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. बाल्कनीतून समुद्र दिसतो."

"समुद्र मला इथूनही दिसतो. तेवढा पुरतो."

"हट्ट करू नकोस गं. उद्या पडलीस-झडलीस, तर हाकेला ओ द्यायला इथं आहे कोण? निम्म्या घरांना कुलपं!"

रोजेलियानं वाकून मला उचललं, ॲप्रननं पुसलं आणि पडवीत येऊन छातीभर श्वास घेतला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा मात्र मी वाजलो. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

सगळ्यांत आधी बातिस्त आला, एकाच पायात चप्पल. मागोमाग काठी टेकत मेव्हणा. शेजारची फिना पिठाच्या हातांनीच आली. वरच्या घरातला डच म्हाताराही आला. त्यानं इथं मनुका कधी पाहिल्याच नव्हत्या. सगळे धावले म्हणून तोही धावला.

"तट्टे कुठायत?" बातिस्त ओरडला.

"तट्टे कधीच सरपणात गेले," रोजेलिया म्हणाली.

"अगं मग वाजवलास कशाला? ढग नाही, मनुका नाहीत! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नूरियाला विचार. ती म्हणत होती, इथं कोण आहे."

सगळ्यांनी नूरियाकडे पाहिलं. माझा आवाज ऐकताच तीही धावली होती. लहानपणी उभी राहायची तिथंच, पहिल्या कमानीखाली ती उभी होती, आणि तट्ट्याचं टोक धरायला पुढे केलेले तिचे हात अजून तसेच होते.

"खोटा वाजवलास, काकू," फिना हसत म्हणाली. "आता जेवू घाल."

"म्हणून तर सकाळीच मोठं पातेलं काढून ठेवलंय."

जेवणं झाल्यावर नूरियानं गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग मला धुतलं आणि पुन्हा खुंटीवर टांगलं. मी सुखी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं जुनं काही पडलेलं असेल. त्याला पायानं सरकवू नका, आणि शोभेच्या कपाटातही कोंडू नका. शंख असेल, तर अधूनमधून वाजवाच. आपलं माणूस कोण, ते हाक मारल्याशिवाय कळत नाही.