दोन प्रश्नचिन्हं

“चौथा मुद्दा, दोन प्रश्नचिन्हं,” मॅडम म्हणाल्या. “यात चर्चेसारखं काही नाही. मास्तर तर वीस वर्षांपासून हेच सांगतायत. पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू. कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती. टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो आणि त्यातले चौघे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. पाचव्या मुद्द्याच्या सुमाराला चहा येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या भांडणात माझी एकवीस वर्षं गेली, त्याचा निकाल लागायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“माझी आहे,” मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मोबाइलमधली चार डोकीही वर आली. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा, त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ‘तो’ कोण हे कुणी विचारलं नाही. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीवर प्रोजेक्टरची वायर गुंडाळून ठेवलेली होती. मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी ‘गुरुवार’ असं लिहून घेतलं आणि पाचवा मुद्दा काढला.

मी जन्मात कधी शाळेत शिकवलेलं नाही, तरी ऑफिसात मला मास्तर म्हणतात. दुसऱ्याच्या कामातल्या चुका लाल रंगात दाखवायची खोड आहे, म्हणून. आणि तो ‘चालतंय’. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं, चालतंय की. मशीन बंद पडलं तरी चालतंय, साहेब चिडले तरी चालतंय. आम्ही दोघांनी मिळून कंपनीची भाषा बनवली, तेव्हा एक खोली, एक पंखा आणि दोन टेबलं एवढाच कंपनीचा पसारा होता.

भाषा म्हणजे कॉम्प्युटरची, आणि तीही छोटी. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी. कुठला रिपोर्ट सरळ पाठवायचा, कुठला अडवायचा, कुठल्या आकड्याला डॉक्टरांना लगेच फोन करायचा, हे नियम प्रयोगशाळेतल्या माणसांना स्वतःलाच लिहिता यावेत म्हणून. तिच्यात प्रत्येक गोष्टीला प्रकार असतो. हा आकडा, हा शब्द, ही तारीख. सरमिसळ केली की मशीन अडतं. आणि मी आणखी एक प्रकार केला होता, ‘आलाच नाही’. तपासणी झालीच नसेल तर तिथे शून्य नाही, तिथे ‘आलाच नाही’. त्याची कशात बेरीज होत नाही. मशीन थांबतं आणि आता काय करायचं ते माणसाला विचारतं.

चालतंयला हे थांबणं सहन व्हायचं नाही. मी आठ दिवस रजेवर गेलो, तेवढ्यात त्याने दोन प्रश्नचिन्हं भाषेत घुसवली. आजचा आकडा, पुढे दोन प्रश्नचिन्हं, पुढे कालचा आकडा. म्हणजे आजचा नसेल तर कालचा घे आणि चालू लाग. मी रजेवरून आलो आणि त्या दिवशी जे भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही.

तो म्हणायचा, अरे, हातात ग्लोव्ह्ज घातलेली बाई, समोर साठ नळ्या, बाहेर नातेवाईक ताटकळलेले. तिला तुझं मशीन दर दोन मिनिटांनी हटकतं. ती बिचारी काम कधी करणार? मी म्हणायचो, ताप मोजला नाही म्हणजे ताप नाही, असं होत नाही. जे नाही ते नाही म्हणून दिसलं पाहिजे. तिथे दुसरं काहीतरी आणून बसवलं की नसलेलं झाकलं जातं. तो म्हणायचा, झाकू दे की, जगात सगळे तसंच जगतात. मी त्या चिन्हालाच नावं ठेवायचो, म्हणायचो, बावचळलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं दिसतं तुझं चिन्ह. तो म्हणायचा, तुझाच फोटो बघून काढलंय.

सात वर्षांपूर्वी एक प्रकार झाला. एका प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या मशीनची सुई तुंबली आणि एका आजोबांची एक तपासणी तीन दिवस झालीच नाही. नियमात दोन प्रश्नचिन्हं होती. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरने आदल्या दिवसाचा आकडा घेतला, दुसऱ्या दिवशी तोच, तिसऱ्या दिवशीही तोच. डॉक्टरांना संशय आला म्हणून थोडक्यात निभावलं. चालतंय दोन दिवस ऑफिसला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो एक बदल करूनच: असा भरलेला आकडा असेल तर रिपोर्टवर त्याच्या शेजारी ठळक चांदणी यायची आणि खाली लिहून यायचं की हा आजचा नव्हे. मी त्याला खूप चिडवलं. म्हटलं, अर्धी शरणागती झाली, उरलेली कधी? तो म्हणाला, शोभेला आहे रे ती चांदणी.

त्याच्या पुढच्याच महिन्यात माझी बायको गेली. सकाळी बोलत होती आणि दुपारी नव्हती. मुलगी दूर देशात असते. ती पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. घरी जायला नको वाटायचं, म्हणून मी ऑफिसातच बसून राहायचो. असाच एका गुरुवारी बसलो होतो, तर चालतंय समोर येऊन म्हणाला, मास्तर, दोन प्रश्नचिन्हांवर एक नवीन मुद्दा सुचलाय, घरी चल, तुझी बोलतीच बंद करतो. मी चिडून गेलो. त्याचा मुद्दा अगदीच फुसका निघाला. पानं वाढून झाली आणि मुद्द्याच्या मी चिंधड्या उडवल्या. त्यानंतर सात वर्षं, दर गुरुवारी, त्याच्याकडे नवा मुद्दा आणि माझ्याकडे भूक. घरी परतताना मला जरा बरं वाटायचं. जिंकलेल्या माणसाला वाटतं तसं. आणि खरं सांगायचं तर त्याची कीव यायची. एवढा हुशार माणूस आणि एका चिन्हापायी असा हट्टाला पेटलाय.

चार महिन्यांपूर्वी तो पोटाच्या दुखण्याने गेला. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

त्याची बाजू मांडायची म्हणून बुधवारी मी त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे गेलो. त्याची वही हवी होती. तो सगळं हाताने लिहायचा, आमच्या भांडणातले मुद्देसुद्धा. वहिनी पलंगावर त्याचे शर्ट घड्या करून ठेवत होत्या. कुणाला द्यायचे ते ठरत नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा घड्या चालल्या होत्या. मी सांगितलं, उद्या मीटिंगमध्ये त्याची बाजू मांडायचीय, ते चिन्ह काढून टाकतायत. वहिनींचा हात थांबला.

“तुम्ही मांडणार? त्यांची बाजू?”

“दुसरं कोण मांडणार, वहिनी?”

त्या उठल्या आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून दिली. मी तिथेच खुर्चीवर बसून चाळायला लागलो. मधेच एका पानावर मथळा होता, ‘दोन प्रश्नचिन्हं काढून टाकण्याबाबत’. मला वाटलं, माझेच मुद्दे खोडून काढण्यासाठी उतरवून घेतले असतील. पण तसं नव्हतं. तीन पानांचा व्यवस्थित प्रस्ताव होता, खाली त्याची सही. त्या आजोबांच्या प्रकाराचा उल्लेख होता. शेवटी लिहिलं होतं, मास्तरचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, चूक माझी. मी वीस वर्षं जे ओरडून सांगत होतो, ते त्याने माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. तारीख सात वर्षांपूर्वीची. माझी बायको गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली.

पान उलटलं. मागच्या बाजूला वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या तारखांना एकेक ओळ होती.

आत्ता नको. मास्तरची बायको गेली.

आत्ता नको. मास्तर शर्टाची बटणं वर-खाली लावून येतोय.

आत्ता नको. आज दोनदा वाढून घेतलं त्याने.

आत्ता नको. आज हसला. माझ्या मुद्द्याला हसला, पण हसला.

अशा पंधरा-सोळा ओळी होत्या. शेवटच्या ओळीतलं अक्षर हललेलं होतं, दवाखान्यातलं. आत्ता नको. बरा झालो की सांगू.

मी वही मिटली. वहिनी माझ्याकडेच पाहत होत्या.

“भावजी, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?”

“नाही,” मी म्हणालो.

“मी म्हटलं होतं त्यांना. म्हटलं, अहो, पटलंय ना, मग द्या की कबूल करून. तर म्हणाले, कबूल केलं तर तो गुरुवारी कशाला येईल?” वहिनींनी हातातला शर्ट मांडीवर ठेवला. “बुधवारी रात्रीच्या जेवणाला बसले की मलाच विचारायचे, उद्या काय मुद्दा काढू म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? मी आपलं काहीबाही सुचवायची.”

म्हणजे सात वर्षं मी ज्या मुद्द्यांच्या चिंधड्या उडवल्या, त्यातले काही वहिनींचे होते. मला लाज वाटली, आणि त्याच्यावर संतापही आला. आता मी हे भांडण कुणाशी करायचं होतं? वहिनींसमोर डोळे पुसायला नको म्हणून मी वही उगाच पुन्हा उघडली आणि डोळे तसेच ओले राहिले, त्यांना दिसायचं ते दिसलंच.

गुरुवारी मीटिंगमध्ये मॅडमनी मला दहा मिनिटं दिली. मी तयारी करून गेलो होतो. बुधवारी घरी जाऊन त्याच्या बाजूने जितकं म्हणता येईल तितकं लिहून काढलं होतं. ग्लोव्ह्ज घातलेली बाई, साठ नळ्या, बाहेरचे नातेवाईक. उभा राहिलो आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एकानेही मुद्दा खोडून काढला नसता. माझ्या वयाकडे आणि त्या खुर्चीकडे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि चिन्ह ठेवलं असतं. पण त्याने सही केली होती. सही केलेल्या माणसाच्या नावावर खोटी बाजू मांडणं मला जमेना.

“काढून टाकू,” मी म्हणालो. “त्याचंही तेच मत होतं. मला उशिरा कळलं.”

मॅडम म्हणाल्या, हे काम नव्या मुलीकडे देऊ का? मी म्हटलं नको, मीच करतो.

काम दोन तासांचं होतं. पण जिथे जिथे चिन्ह होतं तिथल्या त्याच्या टिपा वाचत बसलो, त्यामुळे दिवस गेला. एका ठिकाणी त्याने लिहून ठेवलं होतं, मास्तर हे वाचून चिडेल, चालतंय. ती ओळ मी सर्वांत शेवटी काढली.

आमच्याकडे कुठलाही बदल एकट्याच्या नावावर आत जात नाही. बदल करणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी दोन नावं लागतात. ही दोन नावं बघून मगच बदल आत सोडणारं फाटक, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, मीच लिहिलं होतं, पार सुरुवातीला. तिथे मी रिकामी जागा चालू दिली नव्हती, आणि नाव नसेल तर आपोआप दुसरं घ्यायची सोयही नाही. पडद्यावरच्या पहिल्या घरात मी माझं नाव घातलं. दुसऱ्या घरात बोटांनी, एकवीस वर्षांच्या सवयीने, त्याचं नाव घातलं आणि बटण दाबलं. दाबल्यावर माझ्या लक्षात आलं.

पडद्यावर दोन वाक्यं आली. ‘ही व्यक्ती नाही. पुढे जाता येणार नाही.’

शब्द माझेच होते. त्या वेळी तो पाठीमागे उभा राहून म्हणाला होता, अरे, एवढं तोडून काय बोलतोस माणसांशी? जरा नीट विचार, दुसरं नाव देता का म्हणून. मी म्हटलं होतं, मशीनने स्पष्ट बोलावं.

मी फाटकाची फाइल उघडली. ती दोन वाक्यं खोडली आणि त्या जागी त्याने सांगितलं होतं तेच लिहिलं, ‘दुसरं नाव देता का?’ मग हा बदल आत पाठवायला घेतला. त्यालाही तपासणारा लागणार होता. पहिल्या घरात माझं नाव आपोआप आलं. नवी मुलगी दोन टेबलं सोडून बसली होती, हाक मारली असती तर लगेच आली असती. साडेपाच झाले. गुरुवार होता. दुसऱ्या घरात कर्सरची उभी रेघ उघडमीट करत होती आणि मी तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो.