शेळीने वाढवलेलं कोकरू

समीक्षा पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईने, राजाबाईने, तिला भूगावला आपल्या बहिणीकडे ठेवलं. दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, तर पोरीची शाळा कशी व्हायची? तेव्हापासून समीक्षा फ्लॅटमध्ये वाढली, पुण्यातल्यासारखं बोलायला शिकली आणि नेऱ्याला आईबापाकडे सुट्टीपुरती येऊ लागली. आई तिला जपून वागवायची. ताट वेगळं वाढायची, बसायला सतरंजी टाकायची. समीक्षाला त्या सतरंजीचा राग यायचा, पण बोलता यायचं नाही.

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला जैवमानसशास्त्राचा प्रकल्प आला. मेंदू, संप्रेरकं, अनुवंश असे विषय मैत्रिणींनी वाटून घेतले. समीक्षाने प्राण्यांच्या वागण्याची तुलना घेतली आणि महिनाभरासाठी नेऱ्याला आली.

आली त्याच आठवड्यात एक मेंढी विताना मेली. कोकरू जगलं, पण बाटलीला तोंड लावेना. त्याच दिवशी एका शेळीला मेलेलं करडू झालं होतं. ते कोकरू शेळीला लावता येईल का, असं समीक्षाने विचारलं. राजाबाईने मेलेल्या करडाचा ओलावा कोकराच्या अंगाला चोळला. शेळीने बराच वेळ वास घेतला, मग त्याला चाटायला लागली. दोघी मायलेकी श्वास रोखून बघत होत्या. कोकराने आचळ धरलं तशी राजाबाईने लेकीच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप तिने कित्येक वर्षांत मारली नव्हती.

महिन्याचे तीन महिने झाले. कोकरू शेळ्यांमागे हिंडू लागलं. मेंढरं खाली मान घालून चरत, हे मात्र मागच्या पायांवर उभं राहून बोरीचा पाला ओरबाडायचं. एकदा मारुंजीच्या सोसायटीबाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर चढून बसलं आणि समीक्षाच्या बापाला, धनाजीला, मालकाची माफी मागावी लागली. घरी येऊन तो हसत सुटला. त्याच्या उभ्या जन्मात असं मेंढरू त्याने पाहिलं नव्हतं.

एका सकाळी शेळ्यांच्या राखणीला समीक्षा होती. राजाबाई जरा मागे मोळी बांधत होती. अचानक तीन-चार मोकाट कुत्री आली. शेळ्या चहूकडे पांगल्या, कुणी बांधावर, कुणी कुंपणापलीकडे. कोकरू मात्र एकटं पळेना. कळप शोधत ते शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरांच्या घोळक्यात घुसलं आणि मधोमध दडून राहिलं. चढायचं ते शेळीकडून शिकलं होतं. दाटीत शिरायचं कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं समीक्षाला नंतर सुचलं. त्या वेळी तिने काठी उगारून कुत्री हाकलली आणि तोंडातून एक लांबलचक, घशातून घुमणारी हाळी निघाली. पांगलेल्या शेळ्या थबकल्या आणि तिच्याकडे परतू लागल्या. समीक्षा स्वतःच दचकली. ही हाळी तिने कधी घातली नव्हती. हुबेहूब आईची होती.

राजाबाई धावत आली होती, ती जागीच उभी राहिली.

"हे कुटं शिकलीस?"

"माहीत नाही. लहानपणी ऐकलं असेल. किंवा तुझा गळाच मला मिळाला असेल. दोन्हीतलं कुठलं, ते ठरवता येत नाही."

राजाबाई जवळ आली. "तू पोटात व्हतीस तवा बी मी अशीच हाळी घालायची. दिसभर. त्ये कशात धरायचं मग?"

आई हसली आणि समीक्षाही हसली. मग दोघींनी मिळून कोकराला पोरांमधून ओढून काढलं. पोरं सोडायला तयार नव्हती.

प्रकल्पात समीक्षाने कोकराचं सगळं लिहिलं, पण हाळीचं लिहिलं नाही. अनुवंश किती आणि परिस्थिती किती, असं कॉलेजच्या बाईंनी तोंडी परीक्षेत विचारलं. कोकरात दोन्ही अशी मिसळली आहेत की वेगळी काढून मोजता येत नाहीत, असं तिने सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि कोकराचा फोटो मागून घेतला.

निकालानंतर समीक्षा भूगावला परत गेली नाही. मावशी थोडी रुसली. इकडे राजाबाईने खोलीतली धान्याची पोती हलवली आणि खिडकीशी लेकीसाठी टेबल मांडलं. रात्री जेवताना सतरंजी टाकली नाही. समीक्षा आईला खेटून सारवलेल्या जमिनीवर बसली, आणि राजाबाईने तिला न विचारताच आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिली.