आवाज करणारा फिल्टर

अकोल्यात समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी २००७ च्या थंडीत जठारपेठेतल्या रागिणी डॉक्टरांनी दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं मनावर घेतलं आणि काम नासिरकडे आलं. नासिर उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात माशांच्या टाक्या बसवायचा. आपली टाकी चालू आहे की बंद हे कान लावूनही कळत नाही, अशी मिजास तो चारचौघांत मारायचा.

त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. अकोटच्या एसटीने माणसं यायची ती घरी दाढ दुखते म्हणून सांगून यायची, आणि बाहेरच्या खोलीत बसली की कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. निदान माशांकडे तरी बघतील, असा डॉक्टरांचा विचार.

फिल्टरचे तीन प्रकार नासिरने त्यांच्यापुढे ठेवले. पहिला स्पंजचा, साधा; पण समुद्रातल्या माशांची घाण त्या बिचाऱ्याला एकट्याला झेपत नाही. दुसरा बंद डब्याचा, खालच्या कपाटात बसणारा, अगदी मुका. तिसरा फेसाचा. उभ्या नळीत हवा सोडायची, पाण्याचा फेस होतो आणि फेसाबरोबर घाण वर येते. काम चोख, पण दिवसभर गुडगुड आणि फसफस. नासिरने अर्थातच मुका डबा बसवला. मुंबईहून मीठ आलं, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारंगी मासे आले. दर गुरुवारी दवाखान्यात येणाऱ्या भाजीवाल्या पार्बताबाई खारपाणपट्ट्यातल्या, तिथल्या विहिरींचं पाणीच खारट. आमच्या विहिरीचं पाणी टाका, मीठ तरी वाचेल, असं त्यांनी सुचवलं. ते मीठ वेगळं, त्यात हे मासे दोन दिवस जगणार नाहीत, हे नासिरने त्यांना समजावून सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही.

पण नासिरचा जीव माशांत नव्हता. त्याची बायको हीना आठ महिन्यांपासून गप्प होती. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून ‘वाढू का’ आणि ‘हो’ यापलीकडे तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. सासरी आली तेव्हा हीच हीना इतकी बोलायची, की त्यानेच तिला कधी कधी हात जोडले होते. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. टाकी बसवता बसवता त्याने धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. घेऊन या, त्या म्हणाल्या. हीना तीनदा आत गेली, आणि तिन्ही वेळा दहा मिनिटांत एक शब्दही न बोलता बाहेर आली.

तिसऱ्या वेळी, हीना चप्पल घालायला बाहेर गेली तेव्हा, नावं लिहून घेणाऱ्या वच्छलाबाईंनी त्याला टेबलाजवळ बोलावलं.

“नासिरभाऊ, तुमची टाकी लय मुकी हाये, थोच वांधा हाये. ह्या प्लायवूडच्या पलीकडं कोणी नाक शिंकरलं तरी इकडं आयकू येते. आतल्या मानसालेबी हे मालूम असते. मंग कावून बोलंल ते?”

नासिरला आधी रागच आला. रात्री जेवण गेलं नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मिजास मारली तीच बायकोच्या आड आली होती. सकाळी जाऊन त्याने डबा काढला आणि फेसाची नळी बसवली. लोडशेडिंगमध्ये बंद डब्यातलं पाणी कुजतं, असं डॉक्टरांना सांगितलं. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं, हे वच्छलाबाईंना बरोबर कळलं.

पुढच्या गुरुवारी हीना चौथ्यांदा आत गेली. बाहेर नळी भरल्या हुक्क्यासारखी गुडगुडत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. प्लायवूडच्या पलीकडे कोणी तरी बोलतंय इतकंच कळत होतं, शब्द कळत नव्हता. नासिर गुडघ्यावर हात ठेवून नळीकडे बघत बसला होता.

आणि लाईट गेली. त्या दिवशी ती वेळ लोडशेडिंगची नव्हतीच. नळीची गुडगुड थांबली, आणि हीनाचा आवाज लखलखीत बाहेर आला.

“त्याले नखंबी होते. मीनं पाह्यले...”

तिथेच ती थांबली. खोलीत आठ-दहा माणसं होती, सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिला बाळ दाखवलं होतं, हे नासिरला आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. ती आठ महिने ती नखं एकटीच बघत होती.

तो उभा राहिला.

“आता मी तुमाले सांगतो,” तो मोठ्याने म्हणाला, “फिल्टर तीन परकारचे असतात.”

माणसं बघतच राहिली. त्याने स्पंजचा फिल्टर सांगितला, हातवारे करून सांगितला, पुन्हा पहिल्यापासून सांगितला. मग डब्याचा घेतला. नासिरचा आवाज फुटायला लागला, तेव्हा पार्बताबाईंनी पदर सावरला आणि आमच्या विहिरीचं पाणी काहून चालत नाही ते आधी सांगा, म्हणून त्याच्याशी मोठ्याने भांडण काढलं. एका म्हाताऱ्याने मासे झोपतात केव्हा ते विचारलं. वच्छलाबाई उगाचच रजिस्टरमधली नावं ओरडून वाचू लागल्या. त्या सगळ्या गलक्याखाली, प्लायवूडच्या पलीकडे, पुन्हा कोणी तरी बोलू लागलं होतं. काय, ते नासिरने ऐकलं नाही. त्याला ऐकायचंही नव्हतं.

लाईट आली, नळी गुडगुडू लागली, तरी तो डब्याच्या फिल्टरवरच होता. पार्बताबाईंनी बाही ओढून त्याला खाली बसवलं.

हीना बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. कोणी वर पाहिलं नाही, सगळे मासे बघत होते. नासिरने लुना काढली. ती मागे बसली. चौक गेला, दुसरा चौक गेला. मग त्याच्या पाठीमागून, बसक्या आवाजात, तिने विचारलं.

“अन् तिसरा कोणता?”

नासिरने लुना रस्त्याच्या कडेला घेतली. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि सांगायला सुरुवात केली.