ओट्यापाशी हात उठत नव्हते

तुळिंजच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा स्वसंरक्षणाचा क्लास चालायचा. तिथे लतिकासारखी आपटणारी दुसरी बाई नव्हती. समोरचीचं मनगट हातात आलं की ती वळायची, तिला कमरेवर घ्यायची आणि मॅटवर उताणी पाडायची. सांडोरहून शिकवायला येणाऱ्या, एके काळी ज्युदो खेळलेल्या फ्लॉसी मॅडमही तिच्याकडून पडल्या होत्या.

तीच लतिका घरी मार खायची. भाजीतलं मीठ, फोनवर कोण होतं, तिच्या नवऱ्याला, जितेशला, काहीही कारण पुरायचं. तो तिला ओट्यापाशी गाठायचा आणि केस धरून डोकं कडाप्प्यावर आपटायचा. शिकलेलं काही म्हणजे काही तिला आठवायचं नाही. ती खाली बसायची, गुडघ्यांत डोकं घालायची आणि तो दमायची वाट बघायची.

क्लासला जाताना ती देवळात जाते असं सांगायची. एका संध्याकाळी जितेशला खरं कळलं. तो बुटांसकट मॅटवर चढला आणि शिवी देत त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली. पुढचं तिला कळायच्या आत झालं. तो पाठीवर आदळला, त्याचा उजवा हात तिच्या मांड्यांत अडकला आणि कोपर मोडल्याचा आवाज सगळ्या बायकांनी ऐकला. ती थांबली नाही. त्याच्या तोंडावर बुक्के मारत राहिली. त्याचा दात तुटला, तिची बोटं सोलली. शेवटी मॅडमनी काखेत हात घालून तिला मागे ओढलं.

दवाखान्यात जितेशने जिन्यावरून पडलो असं सांगितलं, आणि हात प्लास्टरमध्ये घालून तो विरारला भावाकडे गेला.

त्याच रात्री तिच्या बोटांना बर्फ लावताना मॅडमनी विचारलं, हे घरी का नाही केलंस.

"घरी आठवतच नाही, मॅडम. तिथे हात उठत नाहीत."

मॅडमनी बर्फ दुसऱ्या बोटावर सरकवला. "तू हे इथे शिकलीस, म्हणून इथे आठवतं. ओट्यापाशी तुझं अंग दुसरंच शिकलंय, इतकी वर्षं. उद्या तुझ्या घरी येते."

त्या आल्या. गॅसवर तेल-मोहरी ठेवायला लावली, कुकर लावायला लावला, आणि मागून तिचे केस धरले. लतिका खरोखरच खाली बसली आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं. मॅडमनी केस सोडले नाहीत. उठवलं, पुन्हा धरलं. असं रोज चाललं. एके दिवशी मॅडमचं डोकं फ्रिजवर आदळलं, ओठ फुटला. रक्त पुसत त्या म्हणाल्या, आता बरोबर.

जितेश परत आला तेव्हा प्लास्टर तसंच होतं. थोडे दिवस तो मुकाट राहिला. मग एका सकाळी चहा गार आहे म्हणून त्याने डाव्या हाताने लाटणं उचललं आणि तिच्या कानावर हाणलं. लतिकाचे गुडघे वाकले, हात डोक्याकडे गेले. मोहरी तडतडत होती. दुसरा फटका येताना तिने मनगट पकडलं, वळली, आणि त्याचं तोंड कडाप्प्यावर आदळलं. पुन्हा आदळलं. भुवई फाटली, कणकेवर रक्त सांडलं.

"निघ," ती म्हणाली. तो निघाला.

दुपारी सुजलेला कान घेऊन ती मॅडमबरोबर पोलीस ठाण्यात गेली आणि तक्रार दिली. जितेश आता विरारलाच असतो. पाठीमागे एखादं भांडं पडलं तर लतिकाचे हात अजूनही आधी डोक्याकडे जातात. मग ती हात खाली घेते आणि पोळ्या लाटायला लागते.