लाइन स्वच्छ आहे

“बाई, लाइन स्वच्छ आहे,” मी रिसीव्हर कानाला लावून म्हणालो.

“स्वच्छ?” शिलाई मशीन सोडून बाई माझ्या अंगावरच आल्या. “अहो, एवढी खरखर ऐकू येत नाही तुम्हाला? जरा वेळ झाला की नेट जातंय. आधी दोनदा येऊन हेच सांगून गेलात!”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून पाहिला.

फोन आणि इंटरनेट एकाच तारेवरून येतात. कुठे जॉइंट सैल झाला की फोनवर खरखर येते आणि नेट मान टाकतं. आमची साधी रीत म्हणजे एक आकडा दाबायचा, डायलटोन थांबला की त्या शांततेला कान द्यायचा. काहीच ऐकू आलं नाही तर लाइन चांगली. अख्खी नोकरी मी अशी कानावर काढली. ऑफिसात मला कानसेनच म्हणतात.

हल्ली मात्र मला सगळ्याच लाइनी चांगल्या वाटत होत्या. याचा अर्थ कळत नव्हता असं थोडंच आहे? बायको कधीची मागे लागली होती, “अहो, कान दाखवून घ्या. दारावरची बेल वाजून वाजून दमते, तरी तुम्ही ढिम्म!” मी उलट तिच्यावरच खेकसायचो. त्यात साहेबांनी आज सकाळी सुनावलं होतं, “त्या घरची तक्रार पुन्हा आली तर लाइनवरचं काम बंद. काउंटरवर बसायचं.” काउंटरवर! काचेपलीकडून लोक बोलणार आणि मी आपला ‘आँ? आँ?’ करणार. नको रे बाबा!

तेवढ्यात बाईंची मुलगी आतून रडकुंडीला येऊन बाहेर आली. “आई, परत गेलं! परीक्षा चालू आहे माझी!”

आता काय सांगू हिला?

“बाई,” मी म्हणालो, “रिसीव्हर तुम्ही धरा. मी बाहेर एकेक तार हलवतो. खरखर वाढली की हात वर करा.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. कळलं त्यांना. पण त्या फोन घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या.

भिंतीवरच्या पेटीतल्या तारा हलवल्या. काही नाही. पाइपाजवळ हलवून पाहिलं. काही नाही. मग छज्ज्याखालचा जॉइंट धरला आणि बाईंचा हात झटकन वर गेला. उघडून पाहतो तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. तेवढा तुकडा कापला, नवा जॉइंट मारला.

“खरखर गेली!” बाई म्हणाल्या. मुलगी आतून काहीतरी ओरडली. बाई हसल्या, म्हणजे चांगलंच असणार.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“काय कानसेन, काय निघालं?”

‘जॉइंटमध्ये आजच पाणी शिरलं होतं’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण उद्याच्या घरी काय? तिथेही लाइन स्वच्छ आहे म्हणून निघून यायचं?

“साहेब, खरखर पहिल्यापासून होती. मला ऐकू आली नाही. मला... हल्ली नीट ऐकू येत नाही, साहेब.”

मोबाईल कानाशी घट्ट दाबून धरला. साहेब बोलत असणार, चांगलेच झापत असणार, पण मला एक अक्षर ऐकू येईना. शेवटी मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय म्हणतायत?”

बाईंनी मान हलवली. “अजून काहीच बोलले नाहीत,” त्या म्हणाल्या.