तोंड पाण्याकडं की तेलाकडं?

मी रंगूबाईच्या विहिरीवरची मोट बोलतेय. म्हणजे, होते मोट. आता कोण आहे ते माझं मलाच उमगत नाही. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

कवठे महांकाळकडच्या आमच्या वाडीत कातडीकाम करणाऱ्या कोंडीबानं मला शिवलं. चांगलं म्हशीचं कातडं, एरंडेल पाजून मऊ केलेलं. चौदा वर्षं मी विहिरीत उतरले आणि भरून वर आले. बैल हाकायला खुद्द रंगूबाई. बाईनं मोट हाकू नये म्हणणाऱ्यांना ती म्हणायची, "मग तुमी या, मी घरात बसते." कुणी आलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. पुढं पाणी आलं, पण त्याच्यासोबत इंजिनही आलं, आणि मला गोठ्यात खुंटीला टांगलं. रिकामं राहणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

मला टांगलं त्याच साली रंगूबाईचा लेक मानसिंग लष्करातून पेन्शनीवर आला. येताना लिलावातली जुनी जीप घेऊन आला. ती लगेच कामालाही लागली, कारण त्याच्या तान्ह्या लेकीचा, शालूचा पाय जन्मतःच आत वळलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर सोमवारी नवं प्लास्टर, पाय थोडा थोडा सरळ करत न्यायचा. एक खाडा झाला की पाय फिरून आत.

वाडीला एस.टी. नाही. मध्ये ओढा, आणि पाऊस झाल्यावर त्याला मांडीएवढं पाणी. त्या पाण्यातून जाताना मागच्या चाकात पाणी अडवणारं रबरी सील दगा देई. एकदा पाणी बेरिंगात शिरलं, चाक अडकलं, एक सोमवार हुकला. पाय वळला.

"परत पहिल्यापासनं," शालूची आई अंजना म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली.

त्या जुन्या जीपचं सील सांगलीतही मिळेना. मानसिंगनं खुंटीवरून मला काढलं आणि कोंडीबापुढं टाकलं. "तात्या, हिच्यातनं एक गोल कापा. पाणी आत येता कामा न्हाई."

चौदा वर्षं पाणी आणलं, आता म्हणे अडव! मला कुणी विचारलं नाही.

कोंडीबानं मला कापलं, कड वाटीसारखी वळवली, पत्र्याच्या कड्यात ठोकून एक्सलवर, म्हणजे चाकाच्या कण्यावर चढवलं. तोंड बाहेर, पाण्याकडं. मानसिंगनं विचारलं, "असंच बसतं का, तात्या?"

"मोटंचं तोंड पाण्याकडंच आसतंय रं गड्या. मला शिकवू नगंस."

मलाही ते पटलं. तिथंच आम्ही दोघं चुकलो.

सोमवारी ओढा सुखरूप ओलांडला. पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही. पण एक्सलमधलं तेल माझ्या पाठीमागून पाझरत ब्रेकच्या ड्रमात उतरत होतं, आणि पाठीला डोळे नसतात. मिरजेच्या रेल्वे फाटकापाशी मानसिंगनं ब्रेक दाबला. तेलानं निसरडा झालेला ब्रेक धरेना. जीप फाटकाच्या दांड्याला टेकून थांबली, आणि समोरून गाडी धडधडत गेली. अंजनानं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी हिला घिऊन ह्या जीपीत परत बसायची न्हाई."

मानसिंगनं मला उलटं केलं. तोंड तेलाकडं. ओढ्यातून फेरी मारून आला. तेल थांबलं, पाणी शिरलं. मला वाटलं, माझ्यातच खोट असेल.

रंगूबाई उखळावर बसून बघत होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं.

"कोंडीबा, मेंढरं राखायला दोघं कशी बसत्यात?"

"पाठीला पाठ लावून. एक मेंढराकडं बघतो, एक रानाकडं."

"मग हिथं एकटीला दोन्हीकडं बघ म्हणतुयास व्हय? तुझी बायकू करती का तसं?"

"घर बी आन धंदा बी तिनंच बघितला आसता तर मी हितं कशाला आसतो, आक्का?"

माझ्या उरलेल्या कातड्यातूनच दुसरा गोल कापला. कडं जाड केलं, दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं. रंगूबाईनं स्वतः पुढं बसून मानसिंगला ओढ्यातून दोनदा जीप न्यायला लावली, उतारावर ब्रेक दाबायला लावला. मग म्हणाली, "अंजना, बस आता."

त्यानंतर एकही सोमवार हुकला नाही.

शेवटचं प्लास्टर निघालं त्या दिवशी परतताना जीप ओढ्याकाठी थांबली. मी चाकाच्या आत, अंधारात. दिसत काही नाही. ऐकू आलं. रंगूबाईनं शालूला ओल्या वाळूत उभं केलं, उचललं, आणि उमटलेल्या पावलाकडं बोट केलं असावं.

"बोटं कुणीकडं हायती, अंजना?"

बांगड्या किणकिणल्या, अंजना खाली वाकली असावी.

"म्होरं, आत्याबाई. समदी म्होरं."

चला, एकीचं तरी ठरलं. माझं अजून ठरत नाही. आम्ही दोघी एकाच कातड्याच्या. तिची पाठ मला ठाऊक आहे, तोंड मी पाहिलेलं नाही. आणि हे जे बोलतेय, ते तेलाकडचं तोंड की पाण्याकडचं?

उद्या खरं रबरी सील मिळेल आणि कुणीतरी हे चाक खोलेल. एकच मागणं आहे. आम्हाला काढाल तेव्हा वेगळं करण्याआधी एकदा समोरासमोर धरा.

बघू दे, मी कोण होते ते.